रोजची गाडी पाणंदीवर नेताना

सोलापुरात एसयूव्ही म्हणून फिरणाऱ्या बहुतेक गाड्या क्रॉसओव्हर आहेत. क्रेटा, सेल्टॉस, ब्रेझा, नेक्सॉन, नाव कुठलंही घ्या, आतून ती मोटारच. फक्त जरा उंच, जरा दणकट दिसणारी. सोमवार ते शनिवार सात रस्ता, होटगी रोड, एमआयडीसी, मुलांची शाळा. रविवारी मात्र हीच गाडी मोहोळकडच्या शेतावर, मंगळवेढ्याच्या मामांच्या वस्तीवर किंवा करमाळ्याच्या बाजूने उजनी धरणाच्या फुगवट्याकडे पक्षी बघायला निघते. डांबर संपतं, पाणंद सुरू होते आणि खालून पहिला 'खर्रर्र' ऐकू येतो. घरी परतल्यावर विचार सुरू: गाडीला काहीतरी करून घ्यायला पाहिजे.

दुकानात विचारलं तर सगळंच करून घ्या म्हणतात. मोठे टायर, दोन इंच लिफ्ट (म्हणजे गाडी उंच करून घेणं), टपावर कॅरियर, पुढे लोखंडी गार्ड, वर दिव्यांची पट्टी. माझं मत आधीच सांगतो: दहातल्या आठ जणांना चांगले टायर, इंजिनखाली एक नीट बसवलेला पत्रा आणि हवा भरायचा छोटा पंप एवढ्यावर भागतं. बाकीचं बरंचसं सामान गाडीला राकट रूप देतं आणि पुणे-हैदराबाद महामार्गावर तिची चाल बिघडवतं. असं का, हे समजायला गाडीखाली वाकून बघावं लागेल.

खाली काय लोंबतं

थार किंवा जिम्नीसारख्या गाडीला खाली शिडीसारखी लोखंडी चौकट असते आणि वरची बॉडी त्या चौकटीवर बोल्टने बसवलेली असते. क्रॉसओव्हरला अशी वेगळी चौकट नसते. बॉडी हाच सांगाडा, त्यालाच मोनोकॉक म्हणतात. यामुळे गाडी हलकी होते, शहरात छान वळते, मायलेज देते. पण दगडाचा मार खायला खाली वेगळं असं काही उरत नाही. मोबाईलचा टॉर्च लावून पुढच्या बंपरखालून बघा. पहिल्यांदा प्लास्टिकचं एक पातळ झाकण दिसेल. पुष्कळ जण त्यालाच इंजिन गार्ड समजतात. ते चिखल-पाणी अडवायला असतं, दगड अडवायला नाही. त्याच्या वर ऑइलचं चेंबर आणि गिअरबॉक्सचा तळ. मागे सरकत गेलात की सायलेन्सरचा पाइप, मग पेट्रोलची टाकी आणि शेवटी मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा बीम.

कंपनी सांगते ते ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमीन यांच्यातलं अंतर, बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचं असतं. क्रेटाचं १९० मिलिमीटर, नेक्सॉनचं २०८. गाडीत पाच माणसं, मागे ज्वारीचं पोतं आणि पाण्याचा जार ठेवा, मग सपाट फरशीवर टेप लावून मोजा. तीन-चार सेंटिमीटर सहज गेलेले दिसतील. वस्तीवरून परतताना गाडी जास्त घासते ती यामुळेच. जाताना नुसती माणसं असतात, येताना आजी डिकी भरून देते.

शिवाय हा एकच आकडा सगळं सांगत नाही. ग्रँड विटाराचं क्लिअरन्स २१० मिलिमीटर आणि जिम्नीचंही २१०. तरी जिथे जिम्नी निवांत चढते तिथे ग्रँड विटाराचा बंपर मातीत घुसतो. कारण कोन. पुढचं चाक आणि बंपरचा खालचा काठ यांच्यामध्ये जो कोन होतो, त्यावर चढण सुरू होताना नाक टेकणार की नाही ते ठरतं. जिम्नीचा हा कोन ३६ अंशांचा आहे, क्रॉसओव्हरचा त्याहून बराच कमी. मागे तसाच उतरतानाचा कोन. तिसरा कोन पोटाचा: बांध किंवा कालव्याचा भराव ओलांडताना पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधलं पोट बांधावर टेकलेलं, ही अवस्था येऊ द्यायची नसेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर कमी हवं आणि पोट वर हवं. क्रेटाचं हे अंतर, म्हणजे व्हीलबेस, २६१० मिलिमीटर आहे. त्यावर १९० च्या क्लिअरन्सने हिशेब केला तर पोटाचा कोन साधारण साडेसोळा अंश येतो. गाडी एक सेंटिमीटर उचलली तर तो जेमतेम पाऊण-एक अंशाने वाढतो. 'दीड इंच उचलून देतो, मालक, कुठंही घाला' असं कुणी म्हणालं तर हा हिशेब डोक्यात असावा.

पाणंदीवर सगळ्यात जास्त त्रास देते ती चाकोरी. ऊस आणि चाऱ्याच्या ट्रॉल्या जाऊन दोन खोल चर पडतात आणि मधे गवताचा उंचवटा उरतो. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला काही फरक पडत नाही. आपण त्याच चाकोरीत चाकं घातली की तो उंचवटा थेट चेंबरला लागतो, आणि गवतात एखादा धोंडा लपलेला असला तर काम तमाम. म्हणून एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं चाकोरीच्या बाहेरच्या काठावर ठेवून चालवायचं. या युक्तीला पैसे पडत नाहीत आणि ती लिफ्टपेक्षा जास्त उंची मिळवून देते.

ताकद कुठे जाते

आपल्याकडच्या बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ते त्याला कापू देणं हे त्याचं काम. पण साध्या डिफरन्शियलची खोड अशी की एक चाक चिखलात किंवा हवेत फिरायला लागलं की सगळी फिरकी त्यालाच मिळते आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक गप्प उभं राहतं. नव्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं, म्हणजे थोडी ताकद दुसरीकडे वळते. गिअरजवळ जी 'सँड', 'मड' अशी बटणं असतात ती हेच काम कमी-जास्त करतात. दोन चाकांच्या गाडीची त्यामुळे चार चाकांची होत नाही, आणि जाहिरातीत वाळवंट दाखवलं तरी होत नाही.

एक गोष्ट मात्र उपयोगी आहे. कोरड्या नदीपात्राच्या वाळूत किंवा पातळ चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकदच कापून टाकतं आणि गाडी जागच्या जागी मरते. अशा वेळी ते बटण दाबून बंद करायचं, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा हलका वेग ठेवायचा, मध्ये थांबायचं नाही. डांबरावर आल्यावर पुन्हा सुरू करायला विसरू नका.

चढावर पुढच्या चाकांवरचं वजन मागे सरकतं. पुढची चाकं ओढणारी असल्यामुळे ती तिथेच हलकी पडून फिरायला लागतात. छोटासा मुरमाड चढ दोन प्रयत्नांत जमत नसेल आणि मागे जागा मोकळी असेल, तर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवून बघा. बघणारे हसतील, पण गाडी चढेल.

ग्रँड विटाराच्या आणि हायरायडरच्या काही प्रकारांत चारही चाकांना ताकद जाते. त्याचा फायदा खरा आहे. तरी त्यांना थारसारखा 'लो' गिअर नाही, तेव्हा खडकांवरून रांगत जाण्याचं काम त्यांचं नव्हे. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी, त्यातही ड्युअल क्लचवाल्यांनी, चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये. आतला क्लच तापतो आणि पडद्यावर इशारा येतो.

काळी माती आणि वाफसा

इथली काळी माती बेसॉल्ट खडकापासून तयार झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पाणी प्यायली की ती फुगते, सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्वारीला ही ओल धरून ठेवण्याची सवय वरदान आहे, गाडीला नाही. एक सर पडून गेल्यावर पाणंदीवर वीस पावलं चालून बघा, चपलेखाली चपलेएवढाच दुसरा थर जमतो. टायरचंही तेच होतं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत खाचा भरतात आणि महागडा खोल खाचांचा टायर गुळगुळीत लाटण्यासारखा फिरू लागतो. मग माती चाकाच्या कमानीत साचते, आतल्या प्लास्टिकला घासते आणि शेवटी चाकच अडवते. ट्रॅक्टर निघतो, कारण त्याच्या टायरचे दात बोटभर उंच असतात आणि दोन दातांमधली जागा एवढी मोकळी असते की फिरताना माती आपोआप झडते.

या मातीत ओली असताना घालता येईल असा कुठलाही बदल दोन चाकांच्या क्रॉसओव्हरला करता येत नाही. शेतकरी पेरणीसाठी वाफसा येण्याची वाट बघतो, तीच वाट गाडीवाल्याने बघावी. माती मुठीत दाबली आणि चिकट गोळा न होता भुगा झाला, की पाणंद चालू. मुरमाची, खडी टाकलेली पाणंद पावसातही चालते; अर्धी मुरमाची आणि अर्धी काळी असेल तर काळी जिथे सुरू होते तिथे गाडी लावून चालत जा. वस्तीवर फोन केला की 'या की, काय होत नाही' असंच ऐकायला मिळतं. त्यांच्याकडे ट्रॅक्टर असतो.

उजनीच्या फुगवट्याची गोष्ट वेगळी आणि जास्त फसवी. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकतं तशी गाळाची जमीन उघडी पडते. वरून ती सुकून भेगाळलेली, टणक दिसते. दुधावर साय यावी तसा तो वरचा थर. माणसाचं वजन पेलतो, दीड टनाची गाडी पेलत नाही. एकदा पुढची चाकं आत गेली की खाली ओला गाळ लागतो, आणि गाडी सरळ पोटावर बसते. पाण्यापासून जितकं लांब उभं राहाल तितकं चांगलं. फ्लेमिंगो दुर्बिणीतून दिसतात.

आणि नान्नजच्या बाजूला जाणार असाल तर माळरानावर गाडी उतरवायचीच नाही. माळढोकसाठी १९७९ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य आहे. गवतातच पक्षी अंडी घालतात, काळवीट आणि लांडगे याच माळावर राहतात. ओसाड दिसतो म्हणून माळ मोकळा नसतो. वन विभागाने ठरवून दिलेली वाट सोडू नका.

टायर

आता खर्चाकडे. पहिला पैसा टायरवर. गाडीबरोबर आलेले टायर डांबरासाठी निवडलेले असतात: आवाज कमी, मायलेज चांगलं, बाजूची भिंत पातळ. आपल्या पाणंदींवर टायर मरतो तो बहुतेक वेळा या भिंतीवरच. धारदार खडी, तोडलेल्या तुरीचे खुंट आणि बाभळीचे काटे. त्यातही वेडी बाभूळ. तिच्या फांद्या तोडून कुंपणाला लावतात आणि त्यातली एखादी नेमकी वाटेवर पडलेली असते. तळव्यात काटा घुसला तर पट्टी भरून पाच मिनिटांत काम होतं. भिंतीला चीर गेली तर टायर फेकायचा. तिथे पट्टी टिकत नाही आणि कुणी लावून दिली तरी त्यावर महामार्ग धरू नये.

टायरचे ढोबळ तीन प्रकार. एचटी डांबरासाठी, एटी दोन्हीकडे, एमटी चिखलासाठी. एमटी विसरून जा. एटीमध्ये भिंत जाड असते, खाचा खोल असतात, कडेलाही पकड असते. बदल्यात थोडा आवाज, थोडं कमी मायलेज आणि ओल्या डांबरावर ब्रेक किंचित लांब. महिन्यातून दोन-तीनदा मुरूम-खडीवर जाणाऱ्याला सौम्य एटी टायर छान पडतो. दिवाळी आणि यात्रेपुरतं गावी जात असाल तर जाड भिंतीचा चांगला एचटी पुरे.

मापाचा हिशेब एकदा समजून घेतला की दुकानात कुणी गंडवत नाही. २१५/६० आर १६ म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर, आणि रिम १६ इंची. भिंत दोनदा धरून पूर्ण व्यास येतो ६६४ मिलिमीटर. आता त्याच रिमवर २१५/६५ घेतला तर भिंत १४० आणि व्यास ६८६. व्यास २२ ने वाढला, पण गाडी उचलली गेली त्याच्या निम्मी, म्हणजे ११ मिलिमीटर. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा चाक आधीपेक्षा तीन टक्क्यांनी जास्त धावत असेल, आणि इंजिनालाही तेवढा जास्त जोर लावावा लागेल. तीन टक्के ही साधारण सीमा समजा. त्यापुढे टायर कमानीला किंवा शॉकअपला घासतो, ब्रेकवरचा ताण वाढतो, पिकअप मंदावतो. असा बदल करण्याआधी कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला ते माप दिलं आहे का ते बघा. दिलं असेल तर मन निश्चिंत.

याहून चांगली युक्ती वरच्या प्रकाराची गाडी असलेल्यांसाठी आहे. १७ इंची अलॉयवर २१५/६० टायर असेल तर व्यास ६९० होतो. १६ इंची रिमवर २१५/६५ घेतला तर ६८६. व्यास जवळजवळ तोच, स्पीडोमीटर तसाच, पण एक सेंटिमीटर धातू जाऊन तिथे एक सेंटिमीटर रबर आलं. खड्ड्यात रिम वाकण्याची भीती कमी, हवा कमी करायला वाव जास्त. फक्त १६ ची रिम तुमच्या गाडीच्या ब्रेकवर बसते का ते प्रत्यक्ष लावून बघा. खालच्या प्रकाराला कंपनीच १६ ची रिम देत असेल तर शक्यता चांगली. दिसायला चाक लहान वाटतं, शेजारी विचारतात, विचारू द्या.

टायरवर ९५एच असं काही लिहिलेलं असतं. ९५ म्हणजे एका टायरने ६९० किलो पेलायचे, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. नवीन टायरचा हा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. स्टेपनीचंही बघा. अनेक गाड्यांत ती आधीच लहान मापाची असते. चार टायर मोठे केलेत की तफावत अजून वाढते. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत अशी स्टेपनी मागे लावायची आणि पुढचं पंक्चर असेल तर मागचा चांगला टायर पुढे आणायचा. दहा मिनिटं जास्त जातात, पण डिफरन्शियल विनाकारण तापत नाही.

आणि हवा. टायरइतकंच महत्त्व तिला आहे, आणि ती जवळपास फुकट आहे. दारावरच्या पट्टीवर ३३ (पीएसआय) लिहिलं असेल तर ती थंड टायरची हवा. खडी-मुरमाच्या लांब पाणंदीवर ती २५-२६ वर आणली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, पकड वाढते, खड्ड्यांचा दणका कमी होतो आणि धारदार दगडावर टायर फाटण्याऐवजी दबून जातो. मोकळ्या वाळूत २० पर्यंत उतरता येतं, पण मग जोरात स्टेअरिंग तोडायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. हवा कमी असताना वेग चाळीसच्या आत.

डांबरावर परत आल्यावर हवा भरल्याशिवाय पुढे जायचं नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि डांबर त्याहून किती तरी जास्त तापलेलं असतं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला वाकतो, वाकल्याने तापतो, आणि महामार्गावर शंभरच्या वेगात तो फुटायला वेळ लागत नाही. म्हणून १२ व्होल्टवर चालणारा पंप आणि साधा काट्याचा गेज गाडीत हवाच. पाणंदीच्या तोंडाशी पेट्रोल पंप नसतो.

इंजिनखालचा पत्रा

दुसरा पैसा इथे. दोन-तीन मिलिमीटर जाडीचं पोलाद किंवा चार-सहा मिलिमीटरचं ॲल्युमिनियम. पोलाद स्वस्त, जड, वाकलं तर ठोकून सरळ होतं. ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, दगडावरून मात्र खरवडलं जातं. आपल्या कामाला पोलाद पुरे.

कुठे कसला जातो ते बघणं सगळ्यात महत्त्वाचं. पत्रा सबफ्रेमच्या (इंजिनाखालच्या छोट्या चौकटीच्या) मूळ छिद्रांत बोल्टने बसला पाहिजे, आणि चेंबर व पत्रा यांच्यात दोन बोटं जागा हवी. जागा सोडली नाही तर पत्रा वाकून चेंबरलाच बुक्की मारतो, म्हणजे खर्च करून दगड वर आणल्यासारखं. ऑइल सोडायच्या नटाखाली छिद्र हवं आणि गरम हवा बाहेर पडायला फटी हव्यात. वेल्डिंग करून कायमचा चिकटवणारा भेटला तर नमस्कार करून निघा. बसवल्यावर हजारेक किलोमीटरने बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

लिफ्ट, आणि कायदा

शॉकअपच्या वर २० ते ३० मिलिमीटरचा ठोकळा घालून गाडी उचलतात, त्याला स्पेसर म्हणतात. उंची मिळते, चाकाला वर-खाली जायला मात्र जास्त जागा मिळत नाही. पुढच्या एक्सलचे सांधे सतत तिरक्या कोनात फिरतात, त्यांच्यावरचा रबरी बूट लवकर फाटतो, आत धूळ जाते आणि काही महिन्यांत वळताना 'कट-कट-कट' आवाज सुरू होतो. चाकांचा झुकाव बदलतो म्हणून अलाइनमेंट करावीच लागते. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. गुरुत्वमध्य वर गेल्याने अचानक वळवताना गाडी जास्त झुकते. स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर तर मला अजिबात पटत नाहीत: दोन वेढे बंद पडतात आणि सगळा भार उरलेल्यांवर येतो. मागचा भाग बसलाच असेल तर आधी जुने शॉकअप आणि स्प्रिंग तपासा. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीला लिफ्टपेक्षा नवीन स्प्रिंगनेच हरवलेली उंची परत मिळते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पुढच्या लोखंडी बुलबारबद्दल केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. त्यात तथ्य आहे: धडकेचा धक्का शोषून घेण्यासाठी पुढचा भाग चुरगळायला बनवलेला असतो, बुलबार तो धक्का सरळ सांगाड्यात पोहोचवतो. पायी चालणाऱ्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. विमा कंपनीला न कळवता बदल केलेत तर अपघातानंतर दाव्यावर वाद होतो, वॉरंटीचंही तसंच. जे करायचं ते आधी लेखी विचारा.

टपावरचा कॅरियर शहरात रिकामा फिरवू नये. वारा अडतो, पेट्रोल जातं. स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारी नळी, क्रॉसओव्हरला शोभेचं. पावसाळ्यात ओढ्यावरचा फरशी पूल बुडाला असेल तर पाणी चाकाच्या निम्म्यापेक्षा वर आहे का आणि धार आहे का, एवढंच बघायचं. धार असेल तर फूटभर पाणीही गाडी सरकवतं. इंजिनात पाणी जाऊन गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं.

रुतल्यावर

डिकीत असावं: छोटं खोरं, जॅकखाली ठेवायला फूटभर लाकडी फळी (काळ्या मातीत जॅक आधी खाली जातो, गाडी नंतर वर), पंक्चरची पट्टी-सुई आणि ओढायचा चांगला पट्टा. पट्टा लावायला बंपरच्या छोट्या झाकणामागे हुक स्क्रू करायची जागा असते. तो हुक कुठे ठेवलाय आणि कसा फिरतो ते घरीच करून बघा.

गाडी रुतली की ॲक्सिलरेटर सोडा. चाक फिरवत राहिलात तर प्रत्येक फेरी खड्डा खोल करते. चाकांपुढची माती काढा, पोटाखालची काढा, हवा २० वर आणा, चाकाखाली तुराट्या किंवा पोती घाला, आणि शक्यतो ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे निघा. नाही निघाली तर ट्रॅक्टर बोलवा. ट्रॅक्टरवाले काका मदतीला तत्पर असतात, पण साखळी एक्सलला किंवा बंपरला बांधतात आणि झटका देतात. त्यांना नम्रपणे थांबवा. 'काका, हुकाला लावू, आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू ताण द्या.' स्क्रूचा हुक सरळ ओढीसाठी असतो. तिरकं ओढलं किंवा झटका दिला तर तो तुटून गोळीसारखा सुटतो. पट्ट्यावर मधोमध एखादी जाड गोधडी टाका आणि बघायला जमलेल्या पोरांना दूर उभं करा.

परत आल्यावर एअर फिल्टर काढून झटका. इथल्या धुळीत कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा लवकर बदलावा लागतो. एक्सलच्या बुटांवर ओलसर ग्रीस दिसतं का बघा. आणि दुसऱ्या दिवशी महामार्गावर ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं तर लगेच अलाइनमेंटच्या दुकानात धावू नका. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती थापून सुकलेली असते, एकाच अंगाला, आणि पाव किलोचा तेवढा गोळा चाकाचा तोल घालवायला पुरेसा असतो. बाहेरून धुतलेली गाडी चकाचक दिसते, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी रिमच्या आतून पाइपाने जोरात पाणी मारून बघा.